जुन्या गाभ्याला नवी दुरुस्ती : कोणती घ्यावी, कोणती सोडावी?

सातबाऱ्याचा उतारा, शिधापत्रिका, विजेचे देयक, एस. टी.चे आरक्षण, रुग्णालयातील नोंदणी अशी नागरिकांच्या नित्य व्यवहारातील असंख्य कामे आज संगणकाच्या साहाय्याने पार पडत आहेत. संगणक थांबला की खिडकीपुढची रांग थांबते आणि तालुक्याच्या गावी आलेल्या शेतकऱ्याचा एक दिवस वाया जातो. म्हणूनच संगणक सुरू असणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याच्या आतील आज्ञावलीत निघणारे दोष वेळच्या वेळी दूर होणेही महत्त्वाचे आहे.

तथापि दोष दूर करण्याचे काम दिसते तितके सरळ नाही. आज्ञावलीची नवी आवृत्ती तयार करणारे अभियंते एखादा दोष शोधून तो नव्या आवृत्तीत दुरुस्त करतात. परंतु कार्यालये, कारखाने, बँका व रुग्णालये यांतील बहुतेक यंत्रांवर जुनीच आवृत्ती चालत असते. अशा वेळी नव्या आवृत्तीतील ती दुरुस्ती तेवढीच उचलून जुन्या आवृत्तीत बसवावी काय, असा प्रश्न उभा राहतो. या कामाला संगणकाच्या व्यवसायात ‘बॅकपोर्टिंग’ म्हणतात. हा निर्णय कसा घेतला जातो आणि तो चुकल्यास काय घडते, हे सामान्य वाचकाला समजेल अशा रीतीने मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गाभा म्हणजे काय?

संगणकाचे सर्व व्यवहार ज्या मूलभूत आज्ञावलीच्या आधारे चालतात तिला परिचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचा अगदी आतला भाग म्हणजे गाभा, अर्थात कर्नल. स्मृतीतील जागेची वाटणी, डिस्कवरील फाइलींची मांडणी, जाळ्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशांची देवघेव आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांना आळीपाळीने मिळणारा वेळ, या सर्वांवर गाभ्याचे नियंत्रण असते. पत्रलेखनाच्या आज्ञावलीत दोष असला तर एक पत्र बिघडते. गाभ्यात दोष असला तर त्या यंत्रावरील प्रत्येक काम धोक्यात येते.

आज जगात सर्वाधिक ठिकाणी वापरला जाणारा गाभा म्हणजे लिनक्स होय. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला. त्याची आज्ञावली सर्वांना वाचण्यासाठी आणि सुधारण्यासाठी खुली आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीत हाच गाभा असतो आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र त्याच्यावरच चालत आले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय परिचालन प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

मुख्य शाखा आणि स्थिर शाखा

लिनक्स गाभ्याची नवी आवृत्ती साधारणपणे नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. ही मुख्य शाखा होय. तिच्यात नवी वैशिष्ट्ये, नव्या उपकरणांसाठी आधार आणि दोषांच्या दुरुस्त्या असे सर्व काही एकत्र येते. दर दोन-सव्वादोन महिन्यांनी गाभा बदलणे कोणत्याही बँकेला वा कार्यालयाला परवडणारे नाही. म्हणून २००५ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन व ख्रिस राइट या अभियंत्यांनी ‘स्थिर’ शाखेची पद्धत सुरू केली. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत नवी वैशिष्ट्ये आणायची नाहीत, केवळ निवडक दुरुस्त्या आणायच्या, असे या शाखेचे सूत्र आहे. त्यांपैकी काही आवृत्त्या अनेक वर्षे सांभाळल्या जातात. त्यांना दीर्घकालीन शाखा म्हणतात.

सांभाळ करण्याचे हे काम कष्टाचे आहे. गाभा जितका जुना, तितके त्याच्यात आणि मुख्य शाखेत अंतर पडत जाते, आणि दुरुस्ती उतरवणे अवघड होते. दीर्घकालीन शाखांचा सर्वसाधारण सांभाळ सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणला जाईल असे २०२३ मध्ये जाहीर झाले, त्यामागे हेही एक कारण होते. काही आवृत्त्यांची मुदत गरजेनुसार पुढे वाढवली जाते. दुसऱ्या बाजूस वाळूज किंवा शेंद्रा येथील कारखान्यात बसवलेले यंत्र पंधरा-वीस वर्षे चालावे अशी मालकाची रास्त अपेक्षा असते. वीज केंद्रे, रेल्वे आणि कारखाने यांच्या अशा गरजांसाठी २०१६ मध्ये ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा स्वतंत्र प्रकल्प हाती घेण्यात आला. एखादी आवृत्ती दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ सांभाळणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

दुरुस्ती न पोचल्याची किंमत

दुरुस्ती जुन्या यंत्रांपर्यंत न पोचल्यास काय घडते, याचा अनुभव महाराष्ट्राने २०१७ मध्ये घेतला. हे उदाहरण लिनक्सचे नसून मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीचे आहे. परंतु प्रश्न तोच आहे. विंडोजमध्ये एका यंत्रावरील फाइली जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राला पुरवणारा जो भाग गाभ्याच्या अधिकारात चालतो, त्यात एक गंभीर दोष होता. त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. परंतु विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा सांभाळ एप्रिल २०१४ मध्येच थांबलेला होता. त्या आवृत्तीसाठीची दुरुस्ती विशेष करार करून शुल्क भरणाऱ्या ग्राहकांपुरतीच मर्यादित राहिली.

१२ मे २०१७ रोजी याच दोषाचा फायदा घेणारी ‘वॉनाक्राय’ ही घातक आज्ञावली जगभर पसरली. इंग्लंडमधील सार्वजनिक रुग्णालयांची सेवा विस्कळीत झाली. त्यानंतर कंपनीने आपले धोरण बाजूस ठेवून एक्सपीसाठीची दुरुस्ती सर्वांना विनामूल्य खुली केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे एक्सपीची नव्हती, तर त्यानंतरच्या विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिन्यांपासून उपलब्ध होती. ती बसवली गेली नव्हती इतकेच. म्हणजे दुरुस्ती जुन्या आवृत्तीसाठी तयार करणे हे अर्धे काम झाले. ती यंत्रावर बसणे हे उरलेले अर्धे.

पुढे २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा दुसरा हल्ला झाला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीतून त्याचा शिरकाव झाला आणि मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातील यंत्रणा कोलमडली. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच उद्योगसमूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंटेनरची नोंद संगणकावर होईना, तेव्हा कामे हातांनी करण्याची पाळी आली. मर्स्कला सुमारे दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. नॉटपेट्या केवळ त्या एका दोषावर अवलंबून नव्हता; चोरलेल्या संकेतशब्दांच्या आधारे तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत होता. त्यामुळे वेळेवर दुरुस्ती बसवली असती तर सर्व संकट टळले असते, असे म्हणता येणार नाही. परंतु उघड्या राहिलेल्या एका दाराने त्याचे काम पुष्कळ सोपे केले, हे निर्विवाद आहे.

घाईने नेलेल्या दुरुस्तीची किंमत

वरील हकीकत वाचून, प्रत्येक दुरुस्ती तत्काळ जुन्या आवृत्तीत आणावी, असे वाटणे साहजिक आहे. डिसेंबर २०२३ मधील एक घटना मात्र याच्या उलट धडा देते.

लिनक्समध्ये डिस्कवर फाइली ठेवण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी ‘एक्स्ट ४’ ही अत्यंत प्रचलित आहे. तिच्यातील एका दोषाची दुरुस्ती मुख्य शाखेत करण्यात आली. दुरुस्ती लहान होती आणि नव्या गाभ्यात ती निर्दोष होती. तेथून ती ६.१ या दीर्घकालीन शाखेत आणण्यात आली व ६.१.६४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. परंतु ही दुरुस्ती आणखी एका बदलाच्या आधारावर उभी होती. फाइलीत लिहून झाल्यावर पुढची जागा कोणत्या क्षणी नोंदवायची, यासंबंधीचा तो बदल मुख्य शाखेत आधीच झालेला होता. ६.१ शाखेत तो नव्हता. आधार नसलेली दुरुस्ती बसल्यामुळे विशिष्ट प्रकारे लिहिल्या जाणाऱ्या फाइलींतील मजकूर बिघडू लागला.

हा गाभा डेबियन या लोकप्रिय प्रणालीपर्यंत पोचला. ९ डिसेंबर २०२३ रोजी डेबियनची १२.३ ही सुधारित आवृत्ती निघणार होती. दोष ध्यानात येताच स्वयंसेवकांनी ती थांबवली आणि तूर्त कोणीही आपली यंत्रे अद्ययावत करू नयेत, असे आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर रोजी, ६.१.६६ हा दुरुस्त गाभा घेऊन थेट १२.४ ही आवृत्ती प्रसिद्ध करण्यात आली. जे दक्षतेने दुरुस्त्या बसवत होते, तेच या वेळी संकटात सापडले. आपली ‘बॉस’ प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही घटना आपल्यापासून फार दूरची नाही हे पटेल.

अजिंठ्याच्या भिंतीवरचा धडा

मराठवाड्यातील वाचकांना हा प्रश्न एका निराळ्या रूपात परिचित असेल. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठ्याची भित्तिचित्रे विसाव्या शतकाच्या आरंभी झपाट्याने झिजत होती. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी लेण्यांत काम केले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा धरवला. ते काम उपकारक ठरले. परंतु रंगांच्या रक्षणासाठी दिलेला चपड्याचा लेप कालांतराने पिवळसर, काळपट पडला आणि चित्रांचे मूळ रंग झाकोळले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो लेप अतिशय जपून काढण्याचे काम कित्येक वर्षे करावे लागले.

हे तज्ज्ञ अजाण नव्हते, त्यांचा हेतूही शुद्ध होता. युरोपातील चित्रांवर हाताळलेली पद्धत त्यांनी येथे आणली. परंतु अजिंठ्याचा गिलावा वेगळा, हवा वेगळी आणि रंग बसवण्याची रीतही वेगळी होती. एकाच मोहिमेतील एक दुरुस्ती तारक ठरली आणि दुसरी त्रासदायक. दुरुस्ती चांगली की वाईट हे ती कोठून आली यावरून ठरत नाही. ती जेथे बसवायची त्या जागेवरून ठरते. गाभ्याच्या बाबतीतही नेमके हेच तत्त्व लागू पडते.

स्थिर शाखेचे नियम

असे धोके टाळण्यासाठीच स्थिर शाखेचे नियम आहेत. त्यांपैकी प्रमुख नियम असे :

१. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत स्वीकारली गेलेली असली पाहिजे.

२. ती उघडपणे बरोबर असावी आणि तिची चाचणी झालेली असावी.

३. आजूबाजूच्या ओळी धरून ती शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी.

४. तिने एकच गोष्ट दुरुस्त करावी (हा नियम पूर्वी स्वतंत्रपणे लिहिलेला होता).

५. दोष प्रत्यक्षात लोकांना त्रास देणारा असावा. केवळ ‘असे घडू शकेल’ अशी कल्पना पुरेशी नाही.

पहिल्या नियमामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. एखादी दुरुस्ती केवळ जुन्या शाखेत केली आणि मुख्य शाखेत करायची राहिली, तर पुढे नवी आवृत्ती घेणाऱ्याच्या यंत्रात तोच दोष पुन्हा अवतरेल. याच कारणास्तव एखादी दुरुस्ती अधिक जुन्या शाखेत घेतली, तर तिच्यानंतरच्या सर्व चालू शाखांतही ती असावी असा दंडक पाळला जातो. पुढे जाणाऱ्या माणसाने मागच्यापेक्षा वाईट स्थितीत जाऊ नये, हा त्यामागील विचार होय.

निर्णयापूर्वीचे पाच प्रश्न

नियम माहीत असले तरी प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी विचार करावाच लागतो. तो विचार पुढील पाच प्रश्नांच्या आधारे करता येईल.

पहिला प्रश्न : हा दोष जुन्या आवृत्तीत मुळात आहे काय? पुष्कळदा दोष नंतरच्या एखाद्या बदलाबरोबर आलेला असतो. लिनक्समध्ये दुरुस्तीच्या नोंदीत ‘फिक्सेस’ अशी एक ओळ लिहिण्याचा प्रघात आहे. कोणत्या जुन्या बदलातून दोष निर्माण झाला, हे त्या ओळीवरून कळते. आपली आवृत्ती त्या बदलापूर्वीची असेल तर दुरुस्तीची गरजच नाही. रोग नसलेल्या माणसाला औषध दिल्यास गुण येत नाही, अपाय मात्र होऊ शकतो.

दुसरा प्रश्न : दोषाचा फटका कोणाला आणि किती बसतो? मजकूर नष्ट होणे, यंत्र अचानक थांबणे आणि परक्या व्यक्तीला शिरकाव मिळणे, या तिन्ही गोष्टी गंभीर होत. तथापि गांभीर्य वापरावरही अवलंबून असते. बिनतारी जाळ्याच्या भागातील दोष, बिनतारी उपकरणच नसलेल्या सर्व्हरला जाचत नाही. तोच दोष भ्रमणध्वनीत धोक्याचा ठरतो. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स गाभ्याचे अभियंते सुरक्षाविषयक दोषांना स्वतःच क्रमांक देऊ लागले आहेत आणि अशा क्रमांकांची संख्या हजारांच्या घरात गेली आहे. केवळ क्रमांक मिळाला म्हणून प्रत्येक दोष आपल्याला सारखाच घातक, असे मानता येत नाही. तो क्रमांक हा विचाराचा आरंभ समजावा.

तिसरा प्रश्न : दुरुस्ती एकटी उभी राहू शकते काय? डिसेंबर २०२३ मधील घटना याच प्रश्नाकडे पुरेसे लक्ष न गेल्यामुळे घडली. मोसंबीचा डोळा बांधताना खुंट कोणता आहे हे शेतकरी आधी पाहतो, तसेच हे आहे. दुरुस्ती ज्या बदलांवर आधारलेली आहे ते जुन्या आवृत्तीत नसतील, तर तीन मार्ग उरतात : ते बदलही बरोबर आणणे, जुन्या आवृत्तीसाठी दुरुस्ती निराळी लिहिणे, किंवा ती न घेणे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ हा दोष उघडकीस आला तेव्हा ४.४ व ४.९ या जुन्या शाखांसाठी मुख्य शाखेपेक्षा वेगळी घडण असलेला उपाय योजावा लागला. दोष इतका गंभीर होता की न घेण्याचा मार्ग उपलब्धच नव्हता.

चौथा प्रश्न : जुन्या आवृत्तीवर तिची चाचणी घेता येते काय? नव्या आवृत्तीतील चाचणी येथे उपयोगी पडत नाही. जुन्या यंत्रावर दोष आधी प्रत्यक्ष घडवून पाहावा, दुरुस्ती बसवल्यावर तो घडत नाही याची खात्री करावी आणि इतर कामे पूर्ववत चालतात हेही पाहावे. स्थिर शाखेची प्रत्येक आवृत्ती निघण्यापूर्वी तिच्यातील दुरुस्त्यांची यादी जाहीर केली जाते आणि आक्षेप व चाचणी यांसाठी साधारण दोन दिवस दिले जातात. हा अवधी थोडा आहे. म्हणून ज्याच्याकडे महत्त्वाची यंत्रे आहेत त्याने चाचणीची स्वतःची व्यवस्था ठेवणे इष्ट होय.

पाचवा प्रश्न : दुरुस्ती न घेतल्यास पर्याय कोणता? दोष असलेली सोय बंद ठेवता येते काय? जाळ्यावरून त्या यंत्राकडे येणारी वाट अडवता येते काय? नव्या आवृत्तीवर जाण्याची वेळ आली आहे काय? पर्याय असेल तर घाई नको. पर्याय नसेल तर जोखीम पत्करूनही दुरुस्ती घ्यावी लागते.

चार उदाहरणे

या प्रश्नांचा उपयोग कसा करावा हे चार काल्पनिक दुरुस्त्या घेऊन पाहू.

पहिली दुरुस्ती पडद्यावर येणाऱ्या संदेशातील शब्दलेखनाची चूक सुधारते. चूक खरी आहे. पण तिचा त्रास कोणालाच नाही. ती जुन्या आवृत्तीत घेऊ नये.

दुसरी दुरुस्ती चार ओळींची आहे. जाळ्यावरून आलेल्या संदेशाची लांबी न तपासता तो स्मृतीत लिहिला जात होता. आता लांबी तपासली जाते. दोष जुन्या आवृत्तीत आहे, तो दुरूनही वापरता येतो आणि दुरुस्ती कशावरही अवलंबून नाही. ती घ्यावी आणि लवकर घ्यावी.

तिसरी दुरुस्ती कामांच्या वेळवाटपाची पद्धत नव्याने मांडते. यंत्र थोडे वेगवान होते, परंतु बाराशे ओळी बदलतात. ही दुरुस्ती नसून सुधारणा आहे. ज्याला ती हवी त्याने नव्या आवृत्तीवर जावे.

चौथी दुरुस्ती खरी कठीण. डिस्कवरील मजकूर क्वचित प्रसंगी बिघडवणारा दोष ती दूर करते. तिच्या ओळी थोड्या आहेत, पण ती आधीच्या दोन बदलांवर टेकलेली आहे. अशा वेळी संबंधित भागाच्या जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन्ही बदल आणून तिन्हींची एकत्र चाचणी झाली तरच ती घ्यावी. तोपर्यंत मजकुराच्या प्रती अधिक वेळा काढून ठेवणे हाच शहाणपणाचा उपाय होय.

निवड कोणी करावी?

याबाबत अभियंत्यांतही एकमत नाही. एक पक्ष म्हणतो की कोणता दोष उद्या घातक ठरेल हे आज सांगता येत नाही. म्हणून दोष दूर करणारी प्रत्येक दुरुस्ती स्थिर शाखेत आणावी आणि वापरकर्त्यांनीही सर्व दुरुस्त्या एकत्रच घ्याव्यात. या विचाराला अनुसरून, मूळ लेखकाने सुचवले नसले तरी योग्य वाटणाऱ्या दुरुस्त्या यंत्राच्या साहाय्याने हेरून काढण्याची पद्धतही वापरली जाते. दुसरा पक्ष म्हणतो की निवड त्या त्या भागाच्या जाणकारानेच केली पाहिजे. फाइली ठेवण्याच्या ‘एक्सएफएस’ या पद्धतीच्या अभियंत्यांनी आपला भाग यांत्रिक निवडीतून वगळण्यास सांगितले आणि जुन्या शाखांत जाणाऱ्या दुरुस्त्यांची चाचणी स्वतः घेण्याची जबाबदारी पत्करली.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ पासून गाभ्यात होता. साध्या वापरकर्त्याला त्याच्या योगे यंत्राचे सर्वाधिकार मिळवता येत होते. याच दोषावर आपण अकरा वर्षांपूर्वी उपाय केला होता, परंतु एका विशिष्ट प्रकारच्या मोठ्या संगणकांवर अडचणी आल्याने तो मागे घ्यावा लागला, अशी नोंद खुद्द टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीबरोबर केली आहे. किरकोळ समजून बाजूस राहिलेली गोष्ट पुढे किती महाग पडते, हे यावरून दिसते. मात्र जबाबदारीचा मुद्दा दुसऱ्या पक्षाने अचूक हेरला आहे. यंत्राने निवडलेली दुरुस्ती चुकली तर तिचे निवारण कोणी करायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. डेबियनची चूक एका दिवसात सावरली गेली, कारण थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे तेथे स्पष्ट होते.

आपल्या कार्यालयांसाठी

गाभ्यात दुरुस्ती बसवण्याचे काम कार्यालयातील कर्मचाऱ्याला करावे लागत नाही. मुख्य शाखेतून स्थिर शाखेत, तेथून डेबियनसारख्या प्रणालीत, तेथून ‘बॉस’सारख्या प्रणालीत आणि शेवटी टेबलावरील यंत्रात अशी दुरुस्तीची वाटचाल असते. परंतु या साखळीतील शेवटचा दुवा कार्यालयाच्याच हाती असतो. त्या दृष्टीने काही गोष्टी कटाक्षाने पाळता येतील.

आपल्याकडील प्रत्येक यंत्रावर कोणती प्रणाली व कोणती आवृत्ती आहे आणि तिचा सांभाळ कोणत्या तारखेपर्यंत आहे, याची नोंदवही ठेवावी. यंत्र खरेदी करतानाच, दुरुस्त्या किती वर्षे मिळतील ही अट करारात लिहून घ्यावी. एक-दोन यंत्रे चाचणीसाठी राखून दुरुस्ती प्रथम त्यांवर बसवावी. रोजची कामे तेथे नीट चालल्यावर ती इतर यंत्रांना द्यावी. महत्त्वाच्या मजकुराची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढलेली असावी आणि ती प्रत परत उघडते हेही अधूनमधून पाहावे. केंद्र सरकारच्या, २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या सूचनांकडे लक्ष ठेवण्याचे काम एका नावानिशी नेमलेल्या व्यक्तीकडे असावे. दुरुस्ती कोणी, केव्हा बसवली आणि एखादी दुरुस्ती मुद्दाम थांबवली असल्यास का थांबवली, याची एक ओळ नोंदवहीत असावी. न घेण्याचा निर्णयही निर्णयच आहे. तो लेखी असला म्हणजे बदली होऊन आलेल्या नव्या अधिकाऱ्याला त्याचा पुनर्विचार करता येतो.

लिनक्सची आज्ञावली खुली असल्याने या कामात आपल्या तरुणांनाही सहभागी होता येईल. छत्रपती संभाजीनगर येथे विद्यापीठाच्या परिसरात राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आहे आणि शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. अशा संस्थांतील विद्यार्थी स्थिर शाखेची आगामी आवृत्ती आपल्या जुन्या संगणकावर चालवून पाहू शकतात आणि काही बिघडल्यास ते वेळेवर कळवू शकतात. चाचणी करणाऱ्याचे नाव त्या आवृत्तीच्या नोंदीत लिहिले जाते. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. एक जुने यंत्र, थोडी चिकाटी आणि जे पाहिले ते नेमके लिहिण्याची सवय एवढ्यावर हे काम सुरू करता येते. जुन्या यंत्रांवर दुरुस्ती पडताळून पाहणारे असे हात जितके वाढतील, तितक्या कमी वेळा तहसील कार्यालयाच्या खिडकीपुढची रांग विनाकारण थांबेल.